तीन ते पाच, फक्त महिला

दुपारी दोन वाजता तुरकर मॅडम शेवटचा घोट पाणी प्यायच्या. त्यानंतर पाच वाजेपर्यंत थेंबालाही तोंड लावत नसत. गोंदियातला मे महिना, डोक्यावर तापलेला पत्रा, समोर पंचवीस मीटर लांब निळं पाणी, आणि या बाई कोरड्या ओठांनी सिमेंटच्या चौथऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या. मला आधी तो उपास वाटला. चौथ्या दिवशी मी माझी बाटली पुढे केली, तर म्हणाल्या, "पिलं तं जा लागते. मी गेली तं इथं कोण पाहीन?"

तीन ते पाच ही महिलांची बॅच. गेटवरच्या पाटीवर तसं लाल रंगात लिहिलेलं होतं. त्या वेळेत खुर्चीवर प्रमाणपत्र असलेली महिला लाईफगार्ड पाहिजे असा तलाव चालवणाऱ्या समितीचा नियम होता, आणि सगळ्या शहरात तसं प्रमाणपत्र एकट्या तुरकर मॅडमकडे होतं. खुर्ची रिकामी झाली की बायांना पाण्याबाहेर काढायचं, गेट लावायचं. म्हणून आठ वर्षांत त्यांनी रजा घेतली नव्हती. धाकट्या बहिणीच्या लग्नात त्या पोचल्या तेव्हा मांडवात पाहुणे पंगतीला बसले होते, आणि मॅडमच्या केसांना क्लोरीनचा वास येत होता. हे त्यांनीच मला सांगितलं, तेही हसत.

मी तिथे लागले ती त्यांच्या इंग्रजीसाठी. म्हणजे त्यांच्याकडे ते नव्हतं म्हणून. लाईफगार्डच्या परीक्षेचे फॉर्म, नियमांची पुस्तिका, नागपूरची पत्रं, सगळं इंग्रजीत यायचं. माझं बी.ए. झालं होतं, घरी बसले होते, आणि बाबा राईस मिलमध्ये सुपरवायझर असल्यामुळे कुठे काम करायचं हे मिलमधली माणसं काय म्हणतील यावर ठरायचं. बायकांची जागा आहे, सहाच्या आत घरी, या दोन अटींवर परवानगी मिळाली.

पहिल्या दिवशी मॅडमनी माझे मार्क विचारले नाहीत. विचारलं, "उशीर झाला तं घरी कोण वरडते?"

"बाबा."

"आई?"

"आई बघते फक्त."

त्यांनी मान हलवली आणि हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. पुढे कळलं की त्या प्रत्येक मुलीला हाच प्रश्न विचारतात, आणि पोहता येतं का ते सगळ्यांत शेवटी. मुली पाण्यामुळे सुटत नाहीत, घरामुळे सुटतात, हे त्यांनी आठ वर्षांत शिकून घेतलं होतं. माझं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. शाळेवरून त्या मला 'कॉन्व्हेंट' म्हणायच्या, आणि आठवडाभरात सगळी बॅच तसंच म्हणायला लागली.

मॅडमच्या अंगात सलवारीवर पिवळा टी-शर्ट, डोक्याला रुमाल, आणि गळ्यात काळ्या दोऱ्याची शिटी. ही शिटी मंगळसूत्रात हमखास अडकायची. वाजवायच्या आधी दोन बोटांनी सोडवावी लागे. "मॅडम, एखाद्या दिवशी नवराच वाजवाल," असं कोणीतरी पाण्यातून म्हणायचं, आणि मॅडम न हसता म्हणायच्या, "तो वाजला असता तं शिटी कायले घेतली असती?"

दर पंधरा मिनिटांनी ती शिटी वाजे. वाजली की सगळ्यांनी काठाचा पाईप धरायचा आणि एकेकीनं आपला नंबर ओरडायचा. एक, दोन, तीन. बायांना हे पोरकट वाटायचं. "आम्ही का पहिलीतल्या पोट्ट्या आहोन?" अशी कुरकूर रोजची. बँकेतल्या एक बाई आपला नंबर इंग्रजीत सांगायच्या, दोन सासू-सून एकमेकींचे नंबर मुद्दाम बदलायच्या. मॅडम फक्त ऐकत बसायच्या. कधी म्हणायच्या, "नऊवालीचा आवाज आज बसला आहे. ताप आहे का वो? बाहेर निघ." आणि त्या बाईला खरंच कणकण असायची. मला या शिस्तीचं फार कौतुक वाटलं होतं. त्या पहिल्या उन्हाळ्यात मला त्यातलं काही कळलं नाही.

त्यांना बदली मुलगी पाहिजे होती. एक नाही, चार-पाच. आणि त्या सगळ्या एका घरातल्या, एका जातीतल्या नकोत, हा त्यांचा हट्ट होता. समितीतले लोक म्हणायचे, तुमच्या पोवारांच्या पोरी आणा ना, ओळखीच्या असतात, अडचण नाही. मॅडमचं गणित वेगळं होतं. "ज्या मोहल्ल्याची पोरगी खुर्चीवर, त्या मोहल्ल्याच्या बाया पाण्यात," त्या म्हणायच्या. "मी बसली तं तुरकर-बिसेन येऊन राहिले. बाकीच्यांनी का गरमीत मरावं?"

मंगळवारी तलाव बंद असायचा. त्या दिवशी मॅडम मुली शोधायला निघायच्या. कॉलेजात, आश्रमशाळेत, कोणाच्या मुंजीत, कोणाच्या तेराव्याला. स्वतःच्या भावाकडे त्या तिरोड्याला गेल्या होत्या, भाचीला मागायला. भावाची चांगली धानाची शेती. तो म्हणाला, "आमची पोरगी लोकाच्या बाया राखाले बसवू? चौकीदार आहे का ते?" मॅडमनी जेवण पूर्ण केलं, हात धुतला आणि म्हणाल्या, "चौकीदार तं चौकीदार. तुह्या घरात तिची जागा कोणती आहे ते सांग." भाऊ दोन वर्षं बोलला नाही.

शबानाची गोष्ट मी जवळून पाहिली. ती आमच्याच बॅचमध्ये यायची, आईबरोबर. आई काठावर तस्बीहचे मणी ओढत बसायची आणि शबाना पाण्यात अशी जायची की आजूबाजूच्या बाया थांबून पाहायच्या. मॅडम तिच्या घरी सात वेळा गेल्या. सहा वेळा नुसता चहा झाला. सातव्या वेळी मी बरोबर होते. शबानाच्या अम्मीनं कप खाली ठेवला आणि विचारलं, "मॅडम, एक बात बताइए. इम्तिहान लेने कौन आएगा?"

"नागपूर के साहब आते हैं."

"मर्द?"

मॅडमनी हो म्हणून मान हलवली.

"फिर आप ही बताइए मैं इसके अब्बा से क्या कहूँ."

परत येताना मला वाटलं मॅडम चिडतील. त्या म्हणाल्या, "बाईचं चुकलं नाही." थोडं पुढे जाऊन म्हणाल्या, "परीक्षा घ्याले बाई पाहिजे. पण बाई परीक्षा घेण्यासाठी आधी कोणत्या तरी बाईनं परीक्षा द्यावं लागते ना. हे का आहे कॉन्व्हेंट, इंग्रजीत काही म्हणतेत का याले?" मला शब्द माहीत होता. मी सांगितला नाही. सांगून काय झालं असतं.

माझ्याबद्दलही त्यांनी एकदा विचारून पाहिलं. मला पोहता येत नव्हतं. मी पायऱ्यांवर बसून पाय बुडवायचे, तेवढंच. "शिकवतो ना मी," त्या म्हणाल्या. मी बाबांचं कारण दिलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. मॅडमनी पुन्हा विषय काढला नाही.

दुसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, त्यांनी नागपूरच्या डॉक्टरांचा कागद माझ्यासमोर ठेवला. "वाच. आणि सरळ सांग."

मी वाचलं. काचबिंदू. दोन्ही डोळे. बाजूची नजर बरीच गेलेली. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची. मी सगळं मराठीत सांगितलं, जमेल तसं.

"समोरचं दिसते मले," मॅडम म्हणाल्या. "नळीतून पाहिल्यासारखं. मान फिरवली की तठचं दिसते. किती दिवस राहीन?"

"ते लिहिलेलं नाही."

"मंग तेवढ्या दिवसांत एक पोरगी पाहिजे."

मला तेव्हा सगळं एकदम समजलं. त्यांनी लूना विकून पायी यायला सुरुवात का केली होती. डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा पेला त्यांच्याकडून का लवंडायचा. खुर्चीत बसून त्या घुबडासारखी मान सारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत का फिरवायच्या, ज्याला सगळा तलाव सावधपणा म्हणायचा. आणि नंबर ओरडायला लावणं. त्या मोजत नव्हत्या. त्या पाहत होत्या, कानांनी.

"तू कोनाले सांगशील का?"

"नाही."

"तू तं सांगायचं असते तेही सांगत नाही," त्या म्हणाल्या, आणि या वेळी खरंच हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझं टेबल तलावाच्या पलीकडच्या टोकाला गेलं. हजेरी तिथून चांगली घेता येते, असं समितीला सांगितलं. खरं म्हणजे मी मॅडमची बाजूची नजर झाले होते. काही वेगळं दिसलं तर हात वर करायचा, एवढंच माझं काम. पोहता न येणारी एक मुलगी आणि नीट न दिसणारी एक बाई, आणि मध्ये पंचवीस-तीस जणी पाण्यात हसत होत्या. पण त्या दोन तासांसाठी सुना सासूला खोटं सांगून यायच्या. गुडघेदुखीवाल्या आज्या यायच्या. एक कॉलेजातली मुलगी होती, ती पाठीवर तरंगत डोळे मिटून पडायची आणि म्हणायची की आठवड्यात एवढाच वेळ मला कोणी हाक मारत नाही. मॅडम बोलल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप. नाही बोलल्या तर कधीतरी कोणीतरी बुडणार. त्या खुर्चीतून उठायची एकच वाट होती, दुसरी कोणी तिथे बसली पाहिजे.

वनिता आम्हाला त्याच हिवाळ्यात सापडली. आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडच्या एका गावात, तलावावर. शिंगाड्याचा हंगाम संपत आला होता. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, बाया आणि मुली डोंग्यातून, काही छातीएवढ्या पाण्यातून, वेल उलटून शिंगाडे तोडत होत्या. मॅडम बांधावर अर्धा तास नुसत्या उभ्या राहिल्या. मग एका मुलीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "ते लाल ओढणीवाली. बाकीच्या शिंगाडे पाहून राहिल्या, ते बाकीच्यांले पाहून राहिली."

ती वनिता. अठरा-एकोणीसची, बारावी झालेली. तिचे वडील बांधावरच जाळं विणत बसले होते. ते म्हणाले, "पाण्याजवळ बसाले शहरात कायले न्याचं बाई? पाणी तं अठीच आहे."

"अठी कोनी बुडलं तं कागद लागत नाही जी," मॅडम म्हणाल्या. "तठी लागते. कागदवाली पोरगी पाहिजे मले."

"अना राहीन कोठी?"

"माह्या घरी. उशीर झाला तं मी वरडीन."

वडिलांनी जाळ्याची एक गाठ ओढून बसवली. मग म्हणाले, "तिले विचारा." मुलीला विचारा, असं आजवर कोणत्याच बापानं त्यांना म्हटलं नव्हतं.

वनिता मॅडमच्या घरी राहायला आली. डोकं पाण्यावर ठेवून पोहायची तिची सवय मोडायला महिना लागला. मी तिच्यासाठी पुस्तिका मराठीत उतरवत होते. माझं मराठी पुस्तकी होतं, ती वाचून म्हणायची, "हे असं कोण बोलते?" मग आम्ही दोघी तिच्या भाषेत वाक्य बसवायचो. अकराव्या पानावर बुडणाऱ्याला वाचवण्याचा क्रम होता. आधी काठावरून काहीतरी लांब करून द्या. नाही पोचलं तर तरंगणारं फेका. स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यांत शेवटी. ते वाचून वनिता म्हणाली, "यात शिकाचं का आहे?" तिच्या गावात हेच करतात. शिंगाड्याच्या वेलीत पाय गुरफटतात आणि बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या डोक्यावर चढतो, म्हणून उडी कोणी मारत नाही. बांधावर पालथं पडायचं आणि बांबू लांब करायचा. उडी मारणाऱ्याला म्हातारे शिव्या देतात.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. नागपूरहून आलेले परीक्षक पन्नाशीचे, पांढरी टोपी, स्वच्छ बूट, बोलणं अगदी सभ्य. मी इंग्रजीतून उत्तर दिल्यावर त्यांचा चेहरा खुलला. कोणती शाळा, कोणत्या सिस्टर, असं विचारून त्यांनी मला शेजारी बसवलं आणि शेरे लिहायचं काम माझ्याकडे दिलं. "किती सुंदर अक्षर," असं दोनदा म्हणाले.

वनितानं अंतर पूर्ण केलं. तळातली वीट वर आणली. एका बाईला उताणी धरून पंचवीस मीटर ओढत आणलं. शेवटची परीक्षा राहिली. बॅचमधली एक बाई काठापासून आठ-दहा फुटांवर जाऊन बुडण्याचं सोंग करणार होती. तिनं हातपाय मारायला सुरुवात केली. वनितानं एकदा पाहिलं, पळत जाऊन भिंतीला टेकवलेला, पाण्यातला कचरा काढायचा जाळीचा लांब बांबू घेतला, काठावर पालथी पडली आणि तो पुढे सरकवला. बाईनं धरला. चार सेकंदांत ती काठाशी होती.

चौथऱ्याजवळ उभ्या असलेल्या मॅडमनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मला तो इतक्या लांबून दिसला.

"ये क्या है?" परीक्षक म्हणाले. "मछली पकड़ रही हो क्या?"

समितीची माणसं हसली. सोंग करणारी बाईही हसली. वनिता ओला बांबू हातात घेऊन उभी होती. "बाई जित्ती आहे ना जी," ती म्हणाली. "मंग पाण्यात उतरून का करू?"

"लाईफगार्ड पानी से डरेगा तो कैसे चलेगा," परीक्षक समितीकडे वळून म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता इंग्रजीत एक वाक्य सांगितलं. उमेदवार पाण्यात उतरली नाही. अनुत्तीर्ण. मी लिहिलं. सुंदर अक्षरात.

मग मॅडम बोलल्या. तलावाच्या त्या बाजूनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कॉन्व्हेंट, तुह्या पुस्तकात का लिहिलं आहे? आधी का कराचं?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. परीक्षकही, अगदी सौम्य, हसऱ्या चेहऱ्यानं. पुस्तिका माझ्या पिशवीत होती, पिशवी माझ्या मांडीवर होती. अकरावं पान मला पाठ होतं, दोन भाषांत. आमच्या शाळेत हात वर केल्याशिवाय बोलायचं नसे, आणि मी बारा वर्षांत हात कधी वर केला नव्हता. मी म्हटलं, "बघावं लागेल."

एवढंच. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. पुढची परीक्षा वर्षानं.

मॅडम नंतर मला काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वनिता गावी परत गेली नाही, काठ धुवायच्या कामावर राहिली, कारण बिनकागदाची मुलगी तेवढंच करू शकत होती. मॅडम पुन्हा खुर्चीवर, मी पुन्हा पलीकडच्या टोकाला. त्या मेमध्ये त्यांची मान आणखी जोरात फिरायला लागली होती. एकदा मी पाहिलं, खुर्चीतून उतरताना त्यांनी पायानं आधी चौथऱ्याची कड चाचपली.

एका दुपारी समितीच्या ऑफिसातून मला फोनसाठी बोलावलं. इंग्रजीत काही विचारायचं होतं. मी दहा मिनिटं गेले. परत येताना दारातच होते तेव्हा शिटी वाजली आणि नंबर सुरू झाले. नऊ, दहा, अकरा. बारा आलं नाही.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा समोर. बारा नंबरची मुलगी त्यांच्या डाव्या हाताला होती, काठापासून जेमतेम तीन हात, तोंड पाण्याखाली, एक हात वर. मला दारातून दिसत होती. माझ्या घशातून आवाज निघाला की नाही मला आजही सांगता येणार नाही. वनितानं झाडू टाकला, बांबू घेतला आणि पालथी पडली.

मुलगी खोकली, रडली, चहा प्यायली, अर्ध्या तासात बरी झाली. जाताना म्हणाली, घरी सांगू नका हं मॅडम, पुन्हा येऊ देणार नाहीत. बायांनीही ठरवून टाकलं की काही झालं नाही. खरोखर काही झालंच नाही असं धरून चालता आलं असतं.

पाच वाजता मॅडम पाणी प्यायल्या, तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "कागद घे. समितीले लिहाचं आहे. मी जसं सांगून राहिली तसंच लिही, सजवू नको."

मी लिहायला लागले. आज बारा नंबरची मुलगी माझ्या डाव्या बाजूला तीन हातांवर बुडत होती. मला ती दिसली नाही. मला काचबिंदू आहे, हे मला हिवाळ्यापासून माहीत आहे आणि मी ते लपवलं. मी या खुर्चीवर बसायला लायक नाही. मुलीला वनितानं काठावरून बांबू देऊन काढलं. वनिताकडे प्रमाणपत्र नाही, कारण परीक्षेत ती पाण्यात उतरली नाही.

माझा पेन थांबला.

"थांबली काऊन? लिही."

"मॅडम, बॅच बंद होईल."

"होईन."

"मग वनिता... पुढच्या वर्षी तरी..."

"आज जर ते पोरगी मेली असती तं?" त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी दहा वर्षं या खुर्चीले चिकटून बसली, कोनी मरू नये म्हणून. मंग मीच मारू का? दे इकडे, सही कोठी करू ते दाखव."

मी त्यांचं बोट धरून कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी गेटवरच्या पाटीवर पुठ्ठा चिकटला. महिला जीवरक्षक उपलब्ध होईपर्यंत बॅच बंद. बाया दोन-तीन दिवस येऊन वाचून गेल्या. माझंही काम संपलं. बाबा म्हणाले, बरं झालं, नाहीतरी आता पाहुणे यायला लागले आहेत.

पाहुणे आले, ठरलं, रायपूरचं. वर्ष उलटून गेलं होतं. पत्रिका द्यायला मी मॅडमच्या घरी गेले, माझा भाऊ बाहेर मोटारसायकलवर थांबला होता. मॅडम अंगणात बाजेवर बसून डोळ्यांत थेंब घालत होत्या. निम्मे गालावरून ओघळत होते. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी मान थोडी हलवून मला नळीत धरलं.

"अवो, कॉन्व्हेंट. बारीक झाली."

वनिता नव्हती. ती नागपूरला दुसऱ्या कोणत्या केंद्रावर परीक्षेला बसणार होती, त्यासाठी तिथेच एका ओळखीच्या घरी राहिली होती. ते सगळं मॅडमनीच जमवलं होतं. मी विचारलं, "पण बॅच तर बंद आहे ना?"

"पोरी नाहीत म्हणून बंद आहे. चार पोरी कागद घेऊन उभ्या राहिल्या तं कोणत्या तोंडानं बंद ठेवतीन?"

मी पत्रिका त्यांच्या हातात दिली नाही. आधी ते सांगायचं होतं जे मी वर्षभर रोज मनात लिहून काढत होते. शेवटी एकच वाक्य बाहेर आलं. "त्या दिवशी पुस्तक पिशवीत होतं, मॅडम."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पिशवी तुह्या मांडीवर होती. समोरचं तेवढं दिसते मले."

मला वाटलं त्या पुढे काही म्हणतील. माफ केलं, किंवा नाही केलं, काहीही. तेवढ्यात बाजेवरचा त्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी तो चाचपून उचलला आणि लगेच त्यांचा आवाज बदलला, तलावावरचा झाला. "हो भाऊ, तुरकरच बोलून राहिली. तेंदूपत्त्याच्या हंगामात नाही पाठवत? नका पाठवू ना, हंगाम झाल्यावर पाठवा. मी सोता येतो घ्याले. नाही जी, पोहता नाही आलं तरी चालते."

मी दोन पावलं बाजूला सरकले. त्यांच्या डावीकडे. तिथून त्यांना मी दिसत नव्हते हे मला माहीत होतं. बाहेर भावानं हॉर्न दिला. निघून गेले असते तर चाललं असतं, पत्रिका बाजेवर ठेवून.

"थांबा भाऊ, नाव सांगा बराबर," मॅडम फोनवर म्हणाल्या, आणि मी आधी उभी होते त्या रिकाम्या जागेकडे पाहून हवेत लिहिल्यासारखा हात केला. "कॉन्व्हेंट, लिहून घे."

माझ्याकडे दुसरा कागद नव्हता. मी लग्नाच्या पत्रिकेचं पाकीट उलटं केलं, गुडघ्यावर धरलं, आणि त्या एकेक शब्द सांगत गेल्या तसं लिहिलं. सरिता उईके. चिचगड. वय सतरा. बाप वरडत नाही, काका वरडते.